पन्नासातले सदतिसावे

माझा भाचा २०१९ च्या गणपतीला दुबईहून आला तेव्हा त्याच्या मनगटावर एक घड्याळ होते. तसे घड्याळ मनगटावर असण्यात विशेष काही नाही. आमच्या मालवणात ते अजूनही तिथेच बांधतात. पण हा गृहस्थ चहाचा कप डाव्या हाताने उचलू लागला, दार डाव्या हाताने लोटू लागला, आरतीत टाळ वाजवतानासुद्धा डावा हात वर राहील अशी काळजी घेऊ लागला, तेव्हा मला विचारणे भाग पडले.

"मामानू, ह्यां घड्याळ जगात फकस्त पन्नासच आसत," तो म्हणाला आणि त्याने ते काढून उलटे केले. मागच्या झाकणावर कोरले होते : ३७/५०. त्याखाली तिकडच्या एका दुकानाचे नाव.

मी बँकेत कारकून. अपूर्णांक दिसला की माझ्या हातून आधी टक्केवारी निघते. शेकडा चौऱ्याहत्तर. म्हणजे पहिला वर्ग. पण दुकानाचे नाव कशाला? तर त्या दुकानाला पन्नास वर्षे झाली म्हणून कंपनीने खास त्याच्यासाठी पन्नास नग काढले होते. हेच घड्याळ इतर दुकानांत पांढऱ्या सेकंदकाट्याचे मिळते. ह्याचा सेकंदकाटा नारिंगी. त्या काट्याचे आणि त्या नावाचे मिळून साठ हजार जास्त. एकूण पावणेतीन लाख.

"नाव घालूक पैशे घेतल्यानी?" ताई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आमच्या बाजारात भांड्यार फुकट घालून देतत!"

वाद तिथेच संपायला हवा होता. पण मी बी. कॉम. झालेला माणूस असल्यामुळे तो पुढे चालवणे मला प्राप्त आहे.

आपल्याकडे स्टीलच्या डब्यावर नाव घालतात ते विकत घेणाऱ्याचे. दुकानदार ते टर्रटर्र यंत्र काढून 'चि. सौ. कां.'पासून तारखेपर्यंत सगळे कोरून देतो. उद्देश एकच : शेजारी गेलेला डबा परत यावा. दुकानदाराचे नाव येते ते कापडी पिशवीवर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर किंवा पतसंस्थेने वर्धापनदिनाला वाटलेल्या भिंतीवरच्या घड्याळावर. आणि ह्या सगळ्या वस्तू तो फुकट देतो, कारण त्याची जाहिरात आपण आपल्या भिंतीवर लावणार असतो. जाहिरात लावून घेणाऱ्याने वर साठ हजार द्यावेत, हा व्यवहार आमच्या कोणत्याही खतावणीत बसत नाही.

भाच्याने मला त्याचे उत्तर दिले ते डिसेंबर २०२१ मध्ये, दुबईहून फोनवर बातमी पाठवून. स्वित्झर्लंडची पाटेक फिलीप कंपनी आणि अमेरिकेतले टिफनी हे जवाहिऱ्याचे दुकान ह्यांचा संबंध १८५१ पासूनचा. त्याला १७० वर्षे झाली म्हणून कंपनीने टिफनीसाठी १७० घड्याळे काढली. तबकडी टिफनीच्या खास निळ्या रंगाची, तीवर कंपनीचे नाव आणि दुकानाचेही. दुकानातली किंमत साधारण ५२ हजार डॉलर. त्यातले एक ११ डिसेंबर २०२१ रोजी न्यूयॉर्कमध्ये लिलावाला निघाले आणि गेले सुमारे ६५ लाख डॉलरना. तेव्हाच्या दराने जवळजवळ ४९ कोटी रुपये. म्हणजे सव्वाशेपट! आणि घड्याळ सोन्याचे नव्हते. स्टीलचे होते. ताईच्या डब्यांकडे त्या दिवशी मी नव्या आदराने पाहिले.

"बघितलास मामानू? दुकानाचां नाव म्हणजे गुंतवणूक!" असे खाली लिहिले होते.

आता, त्या लिलावाचे पैसे निसर्गरक्षणाच्या कामाला गेले, ही गोष्ट चांगलीच झाली. पण एकाला लॉटरी लागली म्हणून तिकिटाला मुदतठेव म्हणत नाहीत. आणि माझे भांडण हौसेशी नाही. हौसेला मोल नसते. कोणाला चाकांत चाके फिरताना बघून आनंद होत असेल तर त्याने खुशाल बघावीत. मी स्वतः रापण ओढताना बघत तासभर उभा राहतो आणि मासळी मात्र विकत घेत नाही. माझे भांडण आहे ते दोन शब्दांशी. एक 'मर्यादित' आणि दुसरा 'गुंतवणूक'.

मर्यादा दोन तऱ्हांच्या असतात. देवगडचा हापूस मर्यादित आहे, कारण जूनमध्ये पाऊस येतो आणि तो कोणाच्या सांगण्यावरून थांबत नाही. सावंतवाडीच्या राजवाड्यात दशावतारी गंजिफा हाताने रंगवतात. एका संचात १२० पाने, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा. ते मर्यादित आहेत, कारण रंगवणाऱ्याला हात दोनच. त्या पानांवर नगाचा क्रमांक टाकायची गरज पडत नाही. घाई करून बघा म्हणजे मर्यादा आपोआप कळते. पण ह्या घड्याळाची मर्यादा ठरली ती एका बैठकीत. ज्या यंत्राने पन्नासावे केले ते एक्कावन्नावे जेवणाच्या सुट्टीआधी करील. ते करत नाही, कारण पुढच्या महिन्यात त्याला दुसऱ्या दुकानासाठी हिरव्या काट्याची पन्नास करायची असतात. मग तिसऱ्यासाठी जांभळ्या काट्याची. वीस दुकाने गुणिले पन्नास, झाली हजार. प्रत्येक घड्याळ दुर्मिळ आणि सगळी मिळून मुबलक! असा ताळेबंद आमच्याकडे कोणी सादर केला तर साहेब त्याला चहा न देता परत पाठवतील.

तरीही दुकानाचे नाव तबकडीवर असणे हा मुळात थिल्लरपणा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. आमच्या आजोबांकडे वेस्टएंडचे घड्याळ होते. वेस्ट एंड वॉच कंपनी मुंबईत १८८६ साली सुरू झाली. घड्याळे बनायची स्वित्झर्लंडमध्ये, लाँजिनसारख्या कारखान्यांत. पण तबकडीवर नाव वेस्टएंडचे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हिंदी फौजेतल्या कितीतरी शिपायांच्या मनगटावर तेच होते, आणि 'सोवार' हे त्याच्या प्रसिद्ध मॉडेलचे नावसुद्धा आपल्या स्वारावरून घेतलेले. आजोबा गिरणीत कामाला. शिमग्याला बोटीने मालवणला यायचे, होडीतून उतरताना एक हात सामानावर आणि दुसरा घड्याळावर. बनवणारा कोण, हे त्यांना मरेपर्यंत माहीत नव्हते. माहीत करून घ्यायची जरुरीही नव्हती, कारण तबकडीवर ज्याचे नाव त्याचे दुकान मुंबईत होते. बिघडले तर तिथे जाऊन भांडता येत होते.

म्हणजे दुकानाचे नाव हा दागिना नव्हता, जामीन होता. आमच्या बँकेत हुंडीच्या किंवा चेकच्या पाठीवर सही करणाऱ्याला आम्ही आधी समजावतो की, बाबा रे, ही सही शोभेची नाही. मूळ माणसाने पैसे दिले नाहीत तर तुला धरतील. १८८१ च्या कायद्यापासून हे असेच आहे. पाठीवर नाव म्हणजे पाठीवर ओझे.

ब्राझीलमधल्या रिओमध्ये तर ह्याहून मजा होती. तिथल्या गोंडोलो अँड लाब्युरियो ह्या दुकानासाठी पाटेक फिलीप १८७२ पासून पुढची पन्नासएक वर्षे खास घड्याळे करत असे. दुकानाने ती खपवली कशी? चक्क भिशी लावून! सभासद १८०, हप्ता आठवड्याला दहा फ्रँक, आठवडे ७९. दर आठवड्याला चिठ्ठी निघायची. जिच्यावर नाव आले त्याला घड्याळ आणि पुढचे हप्ते माफ. पहिल्याच आठवड्याचा नशीबवान ७९० फ्रँकांचे घड्याळ दहा फ्रँकांत घेऊन घरी गेला. ह्या पद्धतीचा तोटा दुकानदार सोसत होता आणि सभासद मिरवत होते. भिशी चालवणाऱ्याचे नाव घड्याळावर असावे, ह्यात मला काहीही गैर वाटत नाही. दर आठवड्याला तोंड दाखवणारा माणूस तो.

आता भाच्याच्या घड्याळाचे पुढे काय झाले ते सांगतो, कारण ते माझ्याच काउंटरवर झाले.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेले. ताईच्या घराची अर्धी कौले गेली, वाशांना तडे गेले, बागेतली नऊ कलमे आडवी झाली. तात्पुरती डागडुजी केली, वर ताडपत्री आली, आणि तात्पुरते म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहेच. गेल्या वर्षी भाच्याची नोकरी सुटली आणि तो घरी आला. छप्पर नीट करायला तीन लाख हवे होते. तो हसत बँकेत आला आणि त्याने घड्याळ माझ्यापुढे ठेवले. "मामानू, ह्येच्यार कर्ज गावात मां?"

सोनेतारणाला आमच्याकडे सराफ येतो. कसोटीवर घासतो, वजन करतो आणि आकडा सांगतो. त्याने घड्याळ हातात घेतले, कानाला लावले, परत ठेवले आणि पुढची बांगडी मागितली. साहेबांनी एकच प्रश्न विचारला : कर्ज थकले तर लिलावात हे मालवणात घेणार कोण? भाच्याने पन्नास ह्या आकड्याचे महत्त्व त्यांना समजावून सांगितले. साहेब म्हणाले, "पन्नासच आहेत हे कळले. पण घेणारे किती आहेत?"

अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्याचा हा उरलेला अर्धा भाग. पुरवठा कमी असला म्हणजे झाले नाही, मागणीही लागते. माझ्या हस्ताक्षराचासुद्धा पुरवठा फार कमी आहे.

मग त्याने दुकानाला फोन लावला. ज्याचे नाव झाकणावर, त्यानेच परत घ्यावे. दुकान म्हणाले, आम्ही विकलेला माल परत घेत नाही. बरे, ते मधूनमधून थांबते, त्याचे काय? ते कंपनीचे काम, तिकडे पाठवा, काही महिने लागतील. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने फोनवर निम्म्याहून कमी सांगितले आणि वर विचारले, मूळ डबा आहे का? डबा होता. ताईने त्यात सुई-दोरा आणि बटणे ठेवली होती. कागद मात्र वादळाच्या पाण्यात गेले होते. तेव्हा निम्म्याचेही निम्मे झाले.

बाजारातल्या घड्याळवाल्यांकडेही आम्ही जाऊन आलो. आजोबांचे वेस्टएंड त्यांनीच दोनदा जिवंत केले आहे. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, क्रमांक वाचला आणि म्हणाले, "मी ह्येका हात लावचंय नाय. माझ्या हातून बिघडला तर एकूणपन्नास उरतीत."

आम्हाला बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला 'लिमिटेड' ह्या शब्दाचा अर्थ शिकवला होता. त्याचा माल कमी असण्याशी संबंध नाही. लिमिटेड म्हणजे ज्याची जबाबदारी मर्यादित आहे तो. कंपनीच्या बाबतीत तसे पाटीवर लिहावेच लागते, म्हणजे व्यवहार करणारा सावध राहतो. घड्याळावरही ते लिहिलेले होतेच. आम्ही ते कौतुक म्हणून वाचले, एवढीच चूक.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे : दुकानदारांनी घड्याळावर आपले नाव जरूर घालावे. पण ज्याने नाव घातले त्याने ते दुरुस्त करावे, आणि 'गुंतवणूक' म्हणून विकले असेल तर ठरल्या भावाने परत घ्यावे. एवढे केले तर साठ हजार जास्त घ्या, मी भाच्याला स्वतः पाठवतो. नाहीतर नाव फुकट घाला, पिशवीवर घालतात तसे.

शेवटी कर्ज झाले. दुसऱ्या दिवशी ताई आली आणि तिने रुमालाची गाठ सोडून पाटल्या काउंटरवर ठेवल्या. सराफाने घासल्या, तोलल्या, आकडा सांगितला. दहा मिनिटांत काम झाले. पावती मीच लिहिली. भाचा बाकावर बसून होता. दोन्ही हात त्याने खिशात घातले होते.

छप्पर पावसाआधी झाले. घड्याळ तो अजून वापरतो. अधूनमधून ते चार-पाच मिनिटे मागे पडते. मालवणात त्यावाचून कोणाचे अडत नाही.

परवा बाजारातून येताना माझ्या कापडी पिशवीचा बंद तुटला. पिशवीवर किराणावाल्याचे नाव होते. मागे फिरून त्याला दाखवली. त्याने काही न बोलता गल्ल्याखालून दुसरी काढून दिली. तिच्यावर कुठेही क्रमांक नव्हता.