पांढरं जाणं म्हणजे नुसता अशक्तपणा नव्हे

"डॉक्टर, अंगावरून पांढरं जातंय. अशक्तपणा असेल, टॉनिक द्या." ही मागणी मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे. त्याहून वाईट म्हणजे आमच्यातले अनेक जण न तपासता टॉनिक लिहूनही देतात. मला याची चीड येते. बाई एचआयव्हीसह जगत असेल तर जास्तच.

पाळीच्या मध्यावर पातळ, वास नसलेला स्राव जाणं नैसर्गिक आहे. पण रंग बदलला, दुर्गंधी आली, खाज सुटली, संबंधानंतर रक्त दिसलं, तर योनीला किंवा गर्भाशयाच्या मुखाला दाह झालेला असू शकतो. दाह झाला की शरीर तिथे पांढऱ्या पेशींची फौज पाठवतं. एचआयव्ही नेमका याच फौजेतल्या सीडी4 पेशींमध्ये वाढतो. त्यामुळे योनिस्रावात विषाणू जास्त उतरतो. जिला एचआयव्ही नाही तिलाही धोका आहेच: याच पेशी तिथे गोळा झालेल्या असतात आणि अस्तर नाजूक झालेलं असतं, म्हणून लागण सोपी होते.

केनियातल्या मोंबासा शहरातला एक अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. गर्भाशयमुखाच्या दाहावर उपचार केल्यावर तिथल्या एचआयव्हीबाधित स्त्रियांच्या स्रावातला विषाणू घटला. औषध कुठलं? साधी प्रतिजैविकं!

"मग एआरटीच्या गोळ्या कशाला घ्यायच्या?" असा अर्थ कृपा करून काढू नका. गोळ्या रोज घेऊन रक्तातला व्हायरल लोड 200 च्या खाली टिकला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला एचआयव्ही होत नाही, हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालंय. पण ज्यांच्या गोळ्या चुकतात, ज्यांचा उपचार नुकताच सुरू झालाय, किंवा ज्यांना आपल्याला एचआयव्ही आहे हेच ठाऊक नाही, त्यांचं काय?

आणि विषाणू दबला म्हणून त्या बाईची जळजळ, दुखणं खोटं ठरतं का? फाइलमध्ये सीडी4 आणि व्हायरल लोडचे आकडे नीट लिहिलेले असतात, "खाली काही त्रास आहे का?" हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. बाई लाजते, डॉक्टरला घाई असते.

शिवाय गनोरिया, क्लॅमिडियासारख्या संसर्गांत अनेक स्त्रियांना काहीच जाणवत नाही. म्हणून त्रास नसला तरी तपासणी मागा. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जंतुनाशकाच्या पाण्याने योनी आतून धुऊ नका. त्याने तिथले उपयोगी जंतू मरतात आणि दुखणं वाढतं.

लैंगिक संसर्ग निघाला तर नवऱ्यालाही घेऊन या. "मला काही होत नाही" म्हणत तो बाहेर बाकावर बसून राहतो, आणि महिन्याभरात तीच बाई तीच तक्रार घेऊन पुन्हा माझ्यासमोर असते. दोघांचा उपचार पूर्ण होईपर्यंत निरोध वापरा.