थोडंसं खाल्लं तर काय होतंय?

आपल्या मराठी स्वयंपाकघरातून दाण्याचं कूट वजा केलं तर काय उरेल, मैत्रिणींनो? उपासाची खिचडी, भगरीबरोबरची आमटी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, संक्रांतीचा तिळगूळ... कूट नाही असं घर सापडायचं नाही. अशा घरात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलगी वाढवणं म्हणजे तारेवरची कसरत. मी तशीच वाढलेली मुलगी.

चार वर्षांची असताना दाण्याचा लाडू खाल्ला आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. आजीनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या. वडिलांनी मात्र उचलून दवाखान्यात नेलं, इंजेक्शन वेळेत मिळालं, म्हणून वाचले. त्या दिवसापासून आईनं घरातलं कूट बंद केलं. लोकांना पटवणं मात्र तिला जड गेलं. कुणी म्हणे चोचले, कुणी म्हणे आमच्या वेळी नव्हती असली थेरं. खरं तर 'ॲलर्जी' हा शब्दच व्हिएन्नाचे डॉक्टर फॉन पिर्के यांनी १९०६ साली वापरात आणला. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं झाली की! दाण्यातल्या प्रथिनाला शरीर शत्रू समजतं आणि सगळी ताकद लावून लढतं. त्या लढाईत घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो. यात लाडाचा किंवा हट्टाचा काय संबंध?

सगळ्यात घातक ते 'थोडं थोडं दिलं की सवय होईल' म्हणणारे. एका नातेवाईक बाईंनी हाच विचार करून माझ्या हातावर चिक्कीचा तुकडा ठेवला होता. आईनं हिसकावून घेतला, तर वर्षभर अबोला धरला. २०१५ साली लंडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच, तपासणी करून, दाण्याचे पदार्थ सुरू केले तर पुढे ॲलर्जी होण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. पण ही गोष्ट ॲलर्जी व्हायच्या आधीची. एकदा झाल्यावर घरच्या घरी असले प्रयोग करणं म्हणजे जिवाशी खेळ.

आणि मग लग्नाचं वय आलं. 'स्थळापुढे बोलू नका हो, व्यंग समजतील,' असा सल्ला आईला चार जणींनी दिला. मला आज बोलायचंय ते यावरच. मुलाला ॲलर्जी असली तर सासूरवाडीत त्याचं ताट वेगळं वाढतात, कौतुकानं सांगतात, 'जावईबापूंना चालत नाही.' मुलीची ॲलर्जी मात्र झाकायची! का? नव्या सुनेला सगळ्यात जास्त आग्रह होतो. प्रसाद नाकारता येत नाही, पंगतीत घास भरवतात. झाकलेली ॲलर्जी तिथेच उघडी पडते, आणि तेव्हा तिला काय होतंय हे आजूबाजूच्या कुणालाच कळत नाही.

आई कुणाचं ऐकली नाही. कांदेपोह्यांत दाणे न घालता ती कारण सांगून टाकायची. दोन स्थळं त्यावरून फिरली. तिसऱ्या घरच्या बाईंनी विचारलं, 'मग कढई वेगळी ठेवावी लागेल का?' त्याच माझ्या सासूबाई. नकार दिलेल्यांचा मला राग नाही. न सांगता तिथे पडले असते, तर काय झालं असतं?

म्हणून मुलींच्या आयांना सांगते, लपवू नका. शाळेत बाईंना सांगा, शेजारी सांगा, सोयरीक जुळवताना सांगा. दाण्याच्या पदार्थातला चमचा मुलीच्या भाजीत घालू नका. घाण्याच्या शेंगदाणा तेलातही दाण्याचा अंश राहतो, हे ध्यानात ठेवा. पाकिटावरचं वाचायची सवय लावा. २०२० च्या नियमांप्रमाणे शेंगदाणा, दूध, अंडं, मासे, सोयाबीन असे पदार्थ असल्यास पाकिटावर तसं लिहावं लागतं.

त्रास सुरू झालाच तर गोळी देऊन वाट बघत बसू नका. अशा वेळी पहिलं औषध ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूला. आपल्या गावात ते कुठे मिळेल, रात्री कुठे मिळेल, हे डॉक्टरांना आजच विचारून ठेवा. तिला आडवं करून पाय उंच ठेवा. श्वास लागत असेल तर बसू द्या, पण चालवत नेऊ नका. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबा, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो.

आणि पंगतीत वाढणाऱ्या मैत्रिणींनो, आग्रह हा आपला मोठेपणा आहे, तो सोडा असं मी म्हणणार नाही. फक्त वाढायच्या आधी विचारा, 'तुला काय चालत नाही गं?' आणि ती 'नको' म्हणाली, तर एकदाच ऐका.