न शिकलेला प्राध्यापक

‘मला हे येत नाही’ हे चार शब्द वर्गात उच्चारणे किती कठीण असते, हे मागच्या बाकावर बसणाऱ्याला विचारावे. सरांनी ‘समजले ना?’ असे म्हटले की आम्ही निमूटपणे माना डोलावतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे न समजणे हा आपलाच दोष, आणि तो उघडा पडला तर आल्या वाटेने परत जावे लागेल, अशी भीती पहिले वर्षभर माझ्या मनात होती. असलीच भीती एका प्राध्यापकालाही वाटत होती, हे मला त्याच्याच आत्मचरित्रातून कळले. हा प्राध्यापक म्हणजे रशियन संगीतकार निकोलाय रिम्स्की-कोर्साकोव्ह (१८४४-१९०८). त्याच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचले.

प्रथम त्याच्या संगीताविषयी. त्याची ‘शेहेरजादे’ (१८८८) ही रचना प्रत्येकाने एकदा तरी ऐकावी. सुरुवातीला वाद्यवृंदाच्या खर्जातून सुलतान दरडावतो. त्याला उत्तर देणारी अरबी सुरस कथांतील ती चतुर राणी एकट्या व्हायोलिनच्या सुरांतून बोलते, आणि पाठोपाठ समुद्र उसळू लागतो. हा समुद्र ऐकीव नव्हे. रिम्स्की-कोर्साकोव्ह नौदलाचा अधिकारी होता, आणि १८६२ पासून १८६५ पर्यंत ‘अल्माझ’ या जहाजावरून त्याने न्यूयॉर्क आणि रिओ द जानिरोपर्यंत प्रवास केला होता. कोणते वाद्य कुठे बोलावे आणि कुठे गप्प बसावे, याची त्याची जाण ऐकून वाटते, हा माणूस सारे जन्मतःच शिकून आला असावा. प्रत्यक्षात तसे मुळीच नव्हते.

१८७१ साली सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयाने त्याला प्राध्यापक म्हणून बोलावले, तेव्हा तो २७ वर्षांचा होता. त्याच्या रचना लोकांना आवडल्या होत्या. पण संगीतशाळेत तो कधी शिकलेला नव्हता. बालाकिरेव्ह या संगीतकाराभोवती जमलेल्या तरुणांपैकी तो एक. त्यांत बोरोदिन रसायनशास्त्रज्ञ, क्यूई लष्करी इंजिनिअर, तर मुसोर्गस्की माजी लष्करी अधिकारी. ठरीव शालेय शिक्षणाबद्दल या मंडळींना फारसा आदर नव्हता. नौदलाच्या नोकरीत असल्यामुळे हे नवे प्राध्यापक गणवेशातच वर्गावर येत. गणवेश कडक, पण आत धास्ती! आत्मचरित्रात तो आडपडदा न ठेवता सांगतो की, त्या वेळी साध्या प्रार्थनागीतालाही नियमाप्रमाणे स्वरसाथ देणे त्याला जमत नव्हते, बहुतेक स्वरमेळांची नावे ठाऊक नव्हती, आणि फ्यूग म्हणजे काय याची कल्पनाही अंधूक होती. (फ्यूगमध्ये एकच स्वरवाक्य निरनिराळ्या आवाजांतून पाठोपाठ येते आणि ते सारे आवाज एकमेकांत गुंफले जातात.) विद्यार्थी नवखे असल्यामुळे त्यांना संशय आला नाही, आणि संशय येण्याइतके ते तयार होईपर्यंत प्राध्यापकमहाशय शिकून मोकळे झाले होते! आपण त्या विद्यालयाचे एक उत्तम विद्यार्थी ठरलो, असे तो स्वतःच मिस्किलपणे नोंदवतो. १८७५ च्या एका उन्हाळ्यात त्याने साठांहून अधिक फ्यूग लिहिले आणि त्यांतले दहा चायकोव्हस्कीकडे पाठवले. ज्याला स्वरमेळांची नावे ठाऊक नव्हती, त्यानेच पुढे स्वरमेळावर पाठ्यपुस्तक लिहिले. ग्लाझुनोव्ह आणि स्त्राविन्स्की हे त्याचे शिष्य.

आमच्या प्राध्यापकवर्गाने गैरसमज करून घेऊ नये. न शिकता शिकवावे, असे मला म्हणायचे नाही. माझे म्हणणे इतकेच की, तयारी नसताना एखाद्या जागी पोहोचणे ही शरमेची गोष्ट नाही. तिथे पोहोचून तसेच राहणे ही मात्र आहे. ‘प्रतिभा असली की अभ्यास कशाला?’ असे आपल्या कविमित्रांच्या बैठकीत नेहमी ऐकू येते. त्यांनी हे साठ फ्यूग आठवावेत.

परंतु या शिकण्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मला अधिक अस्वस्थ करते. १८७१-७२ मध्ये रिम्स्की आणि मुसोर्गस्की एकाच खोलीत राहत. एकच पियानो दोघे पाळीपाळीने वापरत. मुसोर्गस्की १८८१ साली गेला. मित्राचे काम लोकांपर्यंत पोहोचावे म्हणून रिम्स्कीने अपार कष्ट घेतले. पण ‘बोरिस गोदुनोव्ह’ हा त्याचा ऑपेरा हाती घेतला तेव्हा या शिकलेल्या मित्राला त्यात जागोजागी चुका दिसू लागल्या. त्याने खडबडीत स्वरमेळ गुळगुळीत केले, वाद्यवृंद झळाळता केला. मूळ प्रत नष्ट केलेली नाही, ज्यांना हवी त्यांनी ती घ्यावी, असा खुलासाही त्याने केला. ऑपेरा जगभर गाजला तो याच रूपात. पुढे १९२८ साली मूळ स्वरलेखन छापले गेले, आणि ज्यांना चुका म्हटले होते तोच मुसोर्गस्कीचा खरा आवाज होता, असे अनेकांना पटले. आज रंगभूमीवर त्याचे मूळ रूपच अधिक मानाने सादर होते.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून बसलो. गेल्या दिवाळीत आई ‘पानी’ म्हणाली, तेव्हा पाहुण्यांसमोर मी ‘पाणी’ म्हणून तिला दुरुस्त केले होते. ती हसली आणि नंतर पाहुण्यांशी फारसे बोललीच नाही. व्याकरणात माझे बरोबर होते. पण जात्यावरच्या शंभर ओव्या ज्या तोंडात आहेत, ते तोंड मी दोन वर्षांच्या शिक्षणाच्या जोरावर बंद केले. रिम्स्कीने निदान प्रेमापोटी दुरुस्ती केली. माझी दुरुस्ती निव्वळ शरमेपोटी होती.

तरीही या माणसाविषयीचा माझा आदर कमी होत नाही. १९०५ साली रशियात असंतोष उसळला, तेव्हा त्याने संपावर गेलेल्या विद्यार्थ्यांची बाजू उघडपणे घेतली. त्याला विद्यालयातून काढून टाकण्यात आले. निषेध म्हणून ग्लाझुनोव्ह, ल्यादोव्ह यांनी राजीनामे दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस तो परत आला. विद्यार्थ्यांबरोबर शिकलेला प्राध्यापक साठी ओलांडल्यावरही विद्यार्थ्यांना विसरला नव्हता.

मित्रहो, शिक्षणाने माणसाला दोन गोष्टी याव्यात असे मला वाटते. आपल्याला काय येत नाही ते मोकळेपणाने सांगता यावे, आणि जे येते त्याच्या बळावर दुसऱ्याचा आवाज पुसू नये. यांपैकी पहिलीचा आरंभ मी केला आहे. परवा तासाला उभा राहून ‘सर, समजले नाही’ म्हणालो. मागच्या बाकांवरून आणखी तिघे म्हणाले, ‘आम्हालाही नाही.’ दुसरीसाठी येत्या सुट्टीत घरी जायचे आहे. आईच्या ओव्या लिहून घेणार आहे, तिच्या ‘पानी’सकट.