इन्सुलिनची पेटी आणि तपासणीची रांग

आपल्या विमानतळांची सुरक्षाव्यवस्था आघातांतून घडली आहे. १९७६ च्या विमान अपहरणानंतर नागरी विमान सुरक्षेची यंत्रणा उभारली गेली. १९९९ च्या कंदाहार प्रकरणानंतर विमानतळांचा पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्यात आला. २००६ मध्ये लंडन येथे द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आला आणि हातातील सामानातील द्रवपदार्थांवर १०० मिलिलिटरची मर्यादा जगभर रूढ झाली. या नियमांची आवश्यकता वादातीत आहे. प्रश्न आहे तो त्यांतील अपवादांच्या अंमलबजावणीचा.

गेल्या उन्हाळ्यात उत्तरेतील एका विमानतळावर माझ्यापुढे एक तरुणी उभी होती. पोटाशी इन्सुलिनचा पंप, पिशवीत इन्सुलिन, सुया आणि थंडावा राखणारी जेलची पाकिटे. जवानाने पाकिटे बाजूला काढली व पंप उतरवून क्ष-किरण यंत्रातून पाठविण्यास सांगितले. काही पंपांचे उत्पादक नेमके हेच करू नये असे बजावतात. तिने डॉक्टरांचे पत्र दाखविले. परंतु ते वाचणारा वरिष्ठ अधिकारी येईपर्यंत वीस मिनिटे गेली. त्याने पत्र वाचताच तिला जाऊ दिले. नियम तिच्याच बाजूचा होता. जवानाला मात्र तो ठाऊक नव्हता.

अशा मनस्तापाच्या भीतीने माझ्या परिचयातील काही वृद्ध इन्सुलिन मोठ्या सामानात टाकून देतात. हा मार्ग धोक्याचा आहे. गोठलेले इन्सुलिन निकामी होते, आणि सामान हरवले तर टाइप १ मधुमेह असलेल्याच्या जिवावर बेतू शकते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. तेव्हा ही मूठभरांची तक्रार नव्हे.

उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक तपासणी-रांगेपाशी हिंदी, इंग्रजी आणि त्या राज्याच्या भाषेत स्पष्ट फलक असावा: डॉक्टरांच्या चिठ्ठीसह इन्सुलिन व सुया नेता येतात, पंपाची तपासणी हाताने होईल. जवानांच्या प्रशिक्षणात ही साधने प्रत्यक्ष दाखवावीत. प्रवाशांनीही तिकिटावरील नावाचीच चिठ्ठी जवळ बाळगावी, औषधे मूळ वेष्टनात ठेवावीत आणि तपासणीपूर्वीच तसे सांगावे.

प्रशासनात उमेदीची वर्षे घालविल्यावर एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. परिपत्रकात असलेली सवलत चौकीवर पोहोचली नाही, तर नागरिकाच्या लेखी ती हक्क उरत नाही, मेहेरबानी ठरते.