स्टॅम्पपेपरवर फारकत होत नाही



गेल्या महिन्यात नालासोपाऱ्याच्या एका विहारात वंदना संपल्यावर एक भगिनी मागे थांबल्या. पदराखालून त्यांनी एक स्टॅम्पपेपर काढला. नोटरीचा शिक्का, दोघांच्या सह्या, वर 'फारकतनामा'. तीन वर्षांपासून नवरा-बायको वेगळे राहतात, भांडण नाही. आता माहेरचे दुसरे स्थळ पाहत आहेत. "दादा, कागद पक्का आहे ना?"

मला सांगावे लागले, "ताई, ही फारकत नव्हे." अशा कागदावर दुसरे लग्न केले तर ते कायद्याने रद्दबातल ठरते, गुन्हाही होऊ शकतो. उद्या दुसऱ्या पतीच्या पेन्शनचा प्रश्न आला की हाच कागद आडवा येतो. जातीच्या रूढीने झालेली काडीमोड कायदा मानतो, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. आणि आपण तर त्या रूढी १९५६ सालीच नागपूरला सोडून आलो!

काही बांधव विचारतात, आपण बौद्ध, मग हिंदू विवाह कायदा आपल्याला कसा? १९५५ च्या या कायद्याच्या दुसऱ्या कलमातच बौद्धांचा उल्लेख आहे. नाव खटकते, हे खरे. पण ज्या हिंदू कोड बिलासाठी झटून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्यातूनच पुढे घटस्फोटाचा हा हक्क आला. तो आपल्या माता-भगिनींनी वापरावा.

दोघांची संमती असेल तर कलम १३-ब लागते. ते १९७६ साली आले. निदान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे. एकाच खोलीत राहूनही पती-पत्नीसारखे राहत नसाल, तर तेही वेगळे राहणेच धरतात. चाळीतल्या आपल्या माणसांनी हे ध्यानात ठेवावे. अर्ज दोघांनी मिळून करायचा. लग्न जिथे झाले, शेवटी एकत्र जिथे राहिलात किंवा पत्नी आज जिथे राहते, तिथल्या कोर्टात तो चालतो. म्हणजे सासर साताऱ्याला असले तरी विरारला राहणारी बहीण वसईच्या कोर्टात येऊ शकते.

वकील लावलाच पाहिजे असे नाही; आपला अर्ज आपण स्वतः चालवू शकतो. अर्जात लग्नाची तारीख, वेगळे झाल्याची तारीख, मुले कोणाकडे, पोटगी किती, दागिने-भांडी कोणाची, हे स्पष्ट लिहावे. सोबत प्रतिज्ञापत्र, आधार कार्ड, फोटो आणि लग्नाचा पुरावा जोडावा: नोंदणीचा दाखला, भारतीय बौद्ध महासभेचे प्रमाणपत्र, लग्नपत्रिका, जे असेल ते. त्यानंतर सहा महिने थांबावे लागते, आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा कोर्टापुढे उभे राहून संमती सांगायची. सगळे मिटलेले असेल तर हे सहा महिने कोर्ट माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरवले. हुकूमनामा झाला की त्याची प्रमाणित नक्कल घ्या आणि जपून ठेवा. तीच खरी फारकत.

एक इशारा. घाईत "मला काही नको" असे लिहून देऊ नका. मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे. आईने सोडला म्हणून तो संपत नाही. धाकाने सही झाली असेल तर कोर्टापुढे तसे सांगा. हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच ते मान्य केले आहे.

मारहाण असेल, घराचा वाद असेल, तर मात्र वकिलाशिवाय जाऊ नका. पैसे नाहीत? १९८७ च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीला आणि अनुसूचित जातीच्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. १९९० पासून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचे मानतात, म्हणून त्यांनाही ही सवलत आहे. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. तिथे अर्ज द्यावा.

त्या भगिनीचे पती कोर्टाला घाबरतात. येत्या रविवारी ते विहारात येणार आहेत. दोघांना समोर बसवून अर्ज लिहायचा आहे. संसार मोडला म्हणून माणुसकी मोडायला नको. मैत्रीने एकत्र राहता आले नाही, तर निदान मैत्रीने वेगळे व्हावे.

नमो बुद्धाय! जयभीम!