कोंडलेल्या घरातला श्वास

मंडळी, ग्वाल्हेरची थंडी तुम्हाला ठाऊक आहेच. जानेवारीत चार महिन्यांच्या नातीला सर्दी झाली आणि मी आजीपणाचा सगळा हक्क बजावला. खिडक्या बंद, दाराच्या फटीला चादर, खोलीत शेगडी आणि अंघोळीनंतर ओव्याची धुरी. दुसऱ्या रात्री बाळ दूध ओढेना, छाती घरघरू लागली. डॉक्टरांनी तपासून आधी विचारलं, "खोलीत धूर होतो का?" माझी मान खाली गेली.

आजाराचं नाव ब्राँकिओलायटिस. तो बहुतेकदा आरएसव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. मोठ्यांना त्याने साधी सर्दी होते, पण तान्ह्या बाळाच्या श्वासनलिका इतक्या बारीक असतात की थोडी सूज आणि कफ आला तरी श्वास अडतो. नात चार दिवसांत बरी झाली. मी मात्र वाचत राहिले आणि पोहोचले थेट कॅनडाच्या उत्तरेला, नुनावुतमध्ये.

तिथल्या इन्युइट बाळांना या आजाराने रुग्णालयात दाखल करण्याचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. मला वाटलं, एवढ्या बर्फात दुसरं काय होणार! पण थंडी तर तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. आया बाळाला 'अमाउती' या अंगरख्याच्या पाठीवरच्या झोळीत, अंगाच्या उबेत घेऊन हिंडत आल्या. १९५०-६० च्या दशकांत भटकं आयुष्य सुटलं आणि सरकारी वस्त्यांतली लहान घरं आली. घरं आजही अपुरीच आहेत, त्याचं एक कारण म्हणजे बांधकामाचं बहुतेक सामान उन्हाळ्यात बर्फ वितळलं की जहाजाने येतं.

बॅफिन प्रदेशातल्या ४९ घरांची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. एकेका घरात सरासरी सहा माणसं, बहुतेक घरांत कुणी ना कुणी सिगारेट ओढणारं, आणि हवा खेळती नाही. जिथे माणसं जास्त आणि हवा कोंडलेली, तिथल्या मुलांना छातीचे आजार जास्त झालेले दिसले. पुढे काही घरांत बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारं यंत्र बसवलं, तेव्हा मुलांची घरघर कमी झाली.

बाळ अत्यवस्थ झालं की दुसरी अडचण येते. नुनावुतमध्ये २५ वस्त्या, पण त्यांना जोडणारा रस्ता एकही नाही. बॅफिन प्रदेशातून विमानाने इकालुइटला, तिथून गरज पडली तर सुमारे २००० किलोमीटरवर ओटावाला. एवढ्याशा जिवाला नळ्या लावून, घरापासून इतकं दूर. मला तर इथे दोन गल्ल्यांवरचा दवाखाना लांब वाटला होता.

आरएसव्हीपासून वाचवणारं एक इंजेक्शन होतं, ते दर महिन्याला द्यावं लागे आणि मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या किंवा आजारी बाळांनाच मिळे. ते सगळ्याच इन्युइट तान्ह्यांना द्या, असं डॉ. अ‍ॅना बॅनर्जी वर्षानुवर्षं सांगत होत्या. आता निर्सेविमॅब आलंय, एकच टोचणी हंगामभर पुरते. कॅनडाने २०२३ मध्ये त्याला मान्यता दिली. चांगलंच झालं, पण इंजेक्शनने घर मोठं होत नाही.

आमच्या घरात काय बदललं? बाळाला कपडे नीट, पण दुपारी ऊन असताना खिडकी उघडी. धुरी, उदबत्ती आणि शेगडी बाळाच्या खोलीतून हद्दपार. सर्दी झालेल्या पाहुण्यांनी पापा घ्यायचा नाही, मग मामा रुसला तरी चालेल.

तरुण आई-बाबांनो, एक लक्षात ठेवा. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, छाती आत ओढली जात असेल किंवा दूध सुटलं असेल, तर घरगुती उपाय बाजूला ठेवा आणि निघा. आजी काही म्हणाली, तरी निघा.