चोवीस तास, बत्तीस इंच

‘मैदानात जाऊन काय बघायचं? टीव्हीवर जास्त चांगलं दिसतं!’ आपल्या होस्टेलमध्ये हे वाक्य महिन्यातून एकदा तरी ऐकू येतंच. क्रिकेटच्या बाबतीत ते बरंचसं खरंही आहे. स्टेडियमच्या वरच्या रांगेत बसून चेंडू आत वळला की बाहेर, हे कुणालाही कळत नाही. टीव्हीवर तोच चेंडू चार बाजूंनी, सावकाश, रेघा मारून दाखवतात. पण मोटारींच्या एका प्रकारच्या शर्यतीला हा नियम लागू पडत नाही, असं माझं मत आहे. आणि ती शर्यत नेमकी आपल्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पोरापोरींच्या कामाची आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

ही शर्यत म्हणजे एन्ड्युरन्स रेस. दमाची शर्यत म्हणा हवं तर. फॉर्म्युला वनमध्ये अंतर ठरलेलं असतं, साधारण ३०५ किलोमीटर, आणि ते कोण आधी कापतो ते बघायचं. एन्ड्युरन्समध्ये बहुतेक वेळा तास ठरलेले असतात आणि तेवढ्या तासांत कोण जास्त अंतर कापतो ते बघायचं. यातली सगळ्यात नावाजलेली म्हणजे फ्रान्समधली ‘ल मां’ची चोवीस तासांची शर्यत. ती १९२३ साली सुरू झाली, २०२३ मध्ये तिला शंभर वर्षं झाली. एक फेरी १३.६२६ किलोमीटरची, आणि त्यातला बराच रस्ता एरवी साध्या वाहतुकीचा. एका गाडीला तीन ड्रायव्हर, ते आळीपाळीने चालवतात. गाडी मात्र तीच. ड्रायव्हर झोपतो, गाडी झोपत नाही. २०१० मध्ये जिंकलेल्या ऑडीने चोवीस तासांत ५,४१० किलोमीटर कापले. धाराशिवहून मुंबई चारशेच्या आसपास धरा, म्हणजे एका दिवसात सहा वेळा मुंबईला जाऊन परत येऊन वर थोडं अंतर शिल्लक! आपल्यापैकी कितीतरी जण एकदा मुंबईला जाऊन आले की दोन दिवस पाठ धरून बसतात.

आता आधी टीव्हीची बाजू मांडते, कारण ती खरंच भक्कम आहे. ‘ल मां’ला साठच्या आसपास गाड्या एकाच वेळी पळतात. त्यांचे वेगवेगळे वर्ग असतात, म्हणजे एका शर्यतीत तीन शर्यती. मैदानात तुम्ही एका वळणावर उभे राहता. तुमच्या आवडीची गाडी समोरून जाते आणि पुन्हा दिसायला साडेतीन मिनिटं लागतात. मधल्या वेळात ती कुठे आहे, पुढे आहे की मागे, काही पत्ता नाही. म्हणून तर तिथे गेलेले प्रेक्षकसुद्धा कानाला रेडिओ लावून बसतात. उलट टीव्हीवाल्याला सगळं माहीत. कोण किती सेकंद मागे, कुणाचा टायर गेला, ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या कॅमेऱ्यातून रस्ता कसा दिसतो, पिटमध्ये कोण डोक्याला हात लावून बसलंय. शिवाय आपल्यासारख्यांनी फ्रान्सला जायचं कशानं? दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली, तेव्हासुद्धा आपल्या भागातून तिथे पोचणं सोपं नव्हतंच. टीव्ही नसता तर ‘ल मां’ हे नाव माझ्या कानावरच आलं नसतं. टीव्हीने हे जग आपल्या कॉमन रूममध्ये आणून ठेवलं, त्याचे उपकार मानायलाच हवेत.

आणखी एक मुद्दा, जो आई-वडील नेहमी काढतात तो : सुरक्षितपणा. त्यांचं अगदीच चुकत नाही. १९५५ साली ‘ल मां’मध्ये एक मर्सिडीज प्रेक्षकांच्या बाजूला उडाली आणि ऐंशीपेक्षा जास्त माणसं गेली. शर्यतींच्या इतिहासातला तो सगळ्यात काळा दिवस. त्यानंतर ट्रॅक बदलले, कठडे बदलले, प्रेक्षक मागे सरकवले. सोफ्यावर बसलेल्या माणसाला मात्र कधीच काही झालेलं नाही, एवढं मान्य.

मग मैदानात जायचं कशाला?

माझं म्हणणं असं आहे, की टीव्ही घडलेलं दाखवतो. आणि दमाच्या शर्यतीत महत्त्वाचं असतं ते न घडलेलं. जी गाडी शेवटपर्यंत मोडली नाही, तिच्यात दाखवण्यासारखं काय आहे? कॅमेरा तिच्याकडे वळतच नाही. तो अपघाताकडे जातो, धुराकडे जातो, पुढच्या दोघांच्या झटापटीकडे जातो. बेअरिंग चौदा तास थंड राहिलं ही बातमी होत नाही. पण आपल्या धंद्यात तीच खरी बातमी आहे.

२०१६ ची ‘ल मां’ आठवा किंवा शोधून बघा. टोयोटाची पाच नंबरची गाडी तेवीस तासांहून जास्त वेळ पळून पहिली होती. शेवटची काही मिनिटं उरली असताना गाडीची ताकद गेली आणि ती पिटसमोरच्या सरळ रस्त्यावर थांबली. पोर्शे पुढे गेली आणि जिंकली. टीव्हीवर हा क्षण हजार वेळा दाखवला गेला आणि बघताना आजही पोटात गलबलतं. पण त्या क्षणाला वजन कशाने आलं? आधीच्या तेवीस तासांनी. ज्याने फक्त ती दोन मिनिटांची क्लिप बघितली त्याला ‘अरेरे’ वाटतं. जो तेवीस तास तिथे उभा होता त्याचे पाय त्या गाडीबरोबर दुखत होते.

आता होस्टेलमध्ये चोवीस तास बघणं शक्य तरी आहे का? फ्रान्समध्ये शनिवारी दुपारी चारला शर्यत सुटते, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. पहिला तास मेसच्या जेवणात जातो. अकरा वाजता कॉमन रूमला कुलूप. त्याआधी कुणीतरी रिमोट घेऊन सिरियल लावलेली असते. म्हणजे आपल्या बत्तीस इंची टीव्हीवर चोवीस तासांची शर्यत फार तर दोन तासांची होते, आणि मोबाइलवर दहा मिनिटांची. दमाच्या शर्यतीतून दमच काढून टाकला की उरतं काय? नुसत्या पळणाऱ्या गाड्या.

हे सगळं मी पुस्तकी बोलत नाहीये. फ्रान्स लांब आहे, पण पिथमपूर लांब नाही. इंदूरजवळच्या पिथमपूरला नॅट्रॅक्स ही गाड्यांची चाचणी घेणारी मोठी सरकारी संस्था आहे. २०२१ मध्ये तिथे ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक सुरू झाला. याच ठिकाणी बाजा एसएई इंडिया ही कॉलेजच्या मुलांची स्पर्धा वर्षानुवर्षं होत आली आहे. मूळची कल्पना अमेरिकेतली, १९७६ ची. मुलांनी स्वतः डिझाइन करून, स्वतः वेल्डिंग करून एक सीट असलेली, खडकाळ रस्त्यावर चालणारी गाडी बनवायची. पेट्रोलवाल्या गटात इंजिन सगळ्यांना सारखंच : ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं एका सिलिंडरचं, दहा हॉर्सपॉवरचं. म्हणजे ‘आमच्याकडे पैसे कमी होते म्हणून इंजिन लहान’ ही सबब चालत नाही. आधी ब्रेक तपासतात, चढ चढवून बघतात, सस्पेन्शन बघतात, आणि शेवटी चार तासांची एन्ड्युरन्स.

माझा मामेभाऊ पुण्याच्या एका कॉलेजच्या टीममध्ये होता. त्याच्यामुळे मला ही चार तासांची शर्यत प्रत्यक्ष बघायला मिळाली. त्याआधी मी तिचे व्हिडिओ भरपूर बघितले होते. व्हिडिओत गाड्या उड्या मारतात, चिखल उडतो, मागे जोरदार गाणं असतं. प्रत्यक्षात पहिल्या अर्ध्या तासातच माझ्या लक्षात आलं, की गाणं नसतं. असते ती धूळ आणि डझनावारी सारख्याच इंजिनांचा एकच सूर. शेतात लांबवर डिझेलचं इंजिन चालू असावं तसा. दुसऱ्या तासात कंटाळा येतो. हो, कंटाळा येतो, ते कशाला लपवायचं? तिसऱ्या तासात मात्र गंमत सुरू होते. एकेक गाडी लंगडायला लागते. कुणाचा टाय रॉड वाकलेला, कुणाचा सस्पेन्शनचा आर्म मधूनच तुटलेला. दोन पोरं तो तुटलेला आर्म हातात घेऊन वेल्डिंगवाल्याकडे धावतायत, तिसरा टूलबॉक्सवर बसल्या-बसल्या झोपलाय कारण तो तीन रात्री झोपलेलाच नाही.

आणि एक गोष्ट मला कुठल्याही व्हिडिओत सापडली नव्हती. कुंपणाशी माझ्या शेजारी एक काका उभे होते, कुठल्या तरी टीमबरोबर आलेले वर्कशॉपमधले. एक गाडी समोरून गेली तशी ते म्हणाले, “हिचा बेल्ट गेला.” मला काहीच वेगळं दिसलं नाही. गाडी तर छान पळत होती. पुढच्या दोन फेऱ्यांत ती हळू होत गेली आणि चढावर थांबली. इंजिनाचा सूर चढतोय पण गाडीचा वेग चढत नाही, एवढ्यावरून त्यांनी ओळखलं होतं. आपल्याकडचा शेतकरीसुद्धा रात्री खाटेवर पडल्या-पडल्या विहिरीवरच्या इंजिनाचा आवाज बदलला की उठून बसतो. त्याला कुणी व्हायब्रेशन ॲनालिसिस शिकवलेलं नसतं. हा कान टीव्हीवर तयार होत नाही, कारण टीव्हीवर आवाजावर कॉमेंट्री चढवलेली असते आणि तो आवाजही कुणीतरी आपल्यासाठी कमी-जास्त केलेला असतो. २००६ मध्ये ऑडीने डिझेल इंजिनावर ‘ल मां’ जिंकली. डिझेल गाडीने ती शर्यत जिंकण्याची ही पहिलीच वेळ. त्या गाडीबद्दल तिथे गेलेल्या लोकांनी सगळ्यात जास्त काय सांगितलं, तर ती किती गुपचूप जाते! टीव्हीवर ते कळायला आवाज मोठा करायचा की लहान?

आता थोडं कडू बोलते. रेक्टर मॅडमनी आणि स्टाफने रागावू नये. अशा शर्यतीला जायचं म्हटलं की दोन रात्री बाहेर राहावं लागतं. मुलांना एका अर्जावर परवानगी मिळते. मुलींना अर्ज, वडिलांचा फोन, लोकल गार्डियनची सही, आणि एवढं करून शेवटी सल्ला : ‘मोबाइलवर बघता येतं की सगळं!’ म्हणजे टीव्ही की मैदान, हा प्रश्न मुलांसाठी आवडीचा आहे. आमच्यासाठी तो बऱ्याचदा आधीच सुटलेला असतो. पडद्यावर बघणं ही सोय आहे तोवर ठीक. ती ‘तू येऊ नकोस’ म्हणण्याची सभ्य पद्धत झाली की त्रास होतो. मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही मुली मोजक्याच आहोत. कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये ‘शॉप फ्लोअरवर काम केलंय का?’ असं विचारल्यावर ‘व्हिडिओ बघितलाय’ हे उत्तर चालणार आहे का?

म्हणून एक साधी सूचना करते. दरवर्षी आपली इंडस्ट्रियल व्हिजिट निघते. तिच्यात इंडस्ट्री किती आणि व्हिजिट किती हे सगळ्यांना माहीत आहे. एक तास कारखान्यात, उरलेले दोन दिवस समुद्रावर. यंदा मेकॅनिकलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाने आधी पत्र पाठवून, रीतसर परवानगी काढून, बाजाची एन्ड्युरन्स बघायला जावं. लातूर-मुंबई एक्स्प्रेसने पुणे आणि पुढे पुण्याहून इंदूरची गाडी. मुलं-मुली दोघंही, बरोबर एक सर आणि एक मॅडम. प्रत्येकाने एकच गाडी निवडायची आणि चारही तास तिच्यावरची नजर हलवायची नाही. कुठे थांबली, किती वेळ थांबली, काय तुटलं, काय तुटलं नाही, हे वहीत लिहायचं. त्या वहीचे टर्मवर्कला मार्क द्यावेत. परत आल्यावर शर्यतीचं रेकॉर्डिंग मिळालं तर कॉमन रूममध्ये तेही बघू. तेव्हा टीव्हीचा खरा उपयोग होईल, कारण आपण काय बघितलं नाही ते तो सांगेल.

कुणी म्हणेल, एवढी यातायात करून चार तास धूळ खायची, त्यात काय मिळणार? त्यांना मी आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देते. तुळजाभवानीचं दर्शन आता घरबसल्या पडद्यावर होतं, मूर्ती गर्दीतल्यापेक्षा जवळून आणि स्पष्ट दिसते. तरी कोजागिरीला सोलापूर-तुळजापूर रस्ता रात्रभर चालणाऱ्या माणसांनी भरून जातो. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, कित्येक जण अनवाणी. ती माणसं काही अडाणी नाहीत, मोबाइल त्यांच्याही खिशात असतो. देवीचं रूप बघायला पडदा पुरतो. आपले पाय किती वेळ टिकतात हे मात्र चालल्याशिवाय कळत नाही.

गाडीचंही तेच आहे. कोण जिंकलं हे टीव्ही सांगेल, आणि आपल्यापेक्षा आधी सांगेल. गाडी कशी टिकली हे मात्र कुंपणाशी उभं राहूनच कळतं. पुढे चाळीस वर्षं आपल्याला टिकणाऱ्या वस्तूच बनवायच्या आहेत. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीआधी विभागप्रमुखांकडे अर्ज देऊया. मसुदा माझ्याकडे तयार आहे. सह्या करायला मुलींनी आधी यावं.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल